राखेवरचा हात

बसा मंडळी, सरकून बसा! मारुतिरायाच्या जन्माला अजून तासभर अवकाश आहे. सूर्य काही आपल्या घाईनं उगवत नाही. पहाटे उठून, अंघोळी करून, पोरांना खांद्यावर टाकून आलात — तुमच्या भक्तीला तोटा नाही, हे मी मान्य करतो. फक्त एक सांगा, चूल विझवून आलात ना? का? हसता काय? ती बघा, त्या मावशी उठायला लागल्या! बसा मावशी, सूनबाई आहे ना घरी? मग बसा.

आज प्रश्न चुलीचाच आहे. ऐका नीट. रानाला आग लागली. डोंगर जळाला. आता मला सांगा — दोष कोणाचा?

कोण बोललं ते? खांबापाशी बसलेले? 'काडी ओढणाऱ्याचा.' वा! सरळ उत्तर! ठेवा धरून. कीर्तन संपताना मी परत विचारणार आहे, तेव्हा मात्र तोंड फिरवायचं नाही.

अहो, ज्याचा आज जन्म, त्यानं तर अख्खी लंका जाळली! शेपटीला चिंध्या कोणी गुंडाळल्या, तेल कोणी ओतलं, ते जाऊ द्या — घराघरावर आग नेली ती यानंच. आणि पुढं? तुम्ही म्हणाल, शेपूट समुद्रात बुडवली आणि केलं उड्डाण! छे! त्याच्या मनात आलं, 'अरे, या आगीत माझी सीतामाई तर नाही सापडली?' — आणि गडी माघारी फिरला! माईला डोळ्यांनी धडधाकट पाहिलं, मगच निघाला. मंडळी, आग लावणारे जगात पुष्कळ. माघारी फिरून बघणारा एखादाच. म्हणून त्याला शेंदूर!

वाजवा, मृदंग वाजवा थोडा... हं. बास.

आता गोष्ट. पुराणातली नाही, आपल्याच रानाकडची. चिचटोला नावाचा टोला, म्हणजे लहानशी वाडी. चाळीस-पन्नास घरं, मधे चिंचेचं झाड, आणि टोल्याला लागून जंगल. पूर्वी नुसतं जंगल होतं, मग त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यान! आपण उद्यान म्हटलं की घसरगुंडी डोळ्यांपुढं येते. या उद्यानात वाघ.

आता हे उद्यान झालं ते वाईट झालं का? नाही, मंडळी, नाही! मी इथं उभा राहून टाळ्यांसाठी खोटं बोलणार नाही. झाडं तुटत होती, हरणं फाशात मरत होती. उद्यान झालं, वाघ वाचला, नाल्याला मे महिन्यातही पाणी राहायला लागलं. टोल्यातली दहा पोरं गेटावर कामाला लागली. घरोघरी गॅस आला. चांगलंच झालं! पण सीमेचा दगड रोवला गेला, आणि टोल्यातल्या बायांची मोहाची झाडं दगडाच्या पलीकडं राहिली.

मोह म्हटल्याबरोबर मागच्या दोघांनी माना वर केल्या बघा! अहो, बाटलीतला नव्हे, झाडावरचा! चैत्रात पहाटे पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. ती वेचायची, वाळवायची, विकायची. उरलेली घरात — उकडून खायची, पिठात मळायची. त्या टोल्यात कुणाचं कुठलं झाड ते ठरलेलं. कागद नाही, सातबारा नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही! आणि रीत अशी, की लेक सासरहून परत आली, विधवा होऊन म्हणा, टाकून दिली म्हणून म्हणा — तर बाप तिला एक मोह तोडून द्यायचा. म्हणजे कुऱ्हाडीनं नव्हे हो! आपल्या वाट्यातून. 'हा तुझा. याच्या सावलीत तुला कोणी ऊठ म्हणणार नाही.'

तशी आली तानाबाई. वीस वर्षांची विधवा. बापानं तिला नाल्याकडचा मोठा मोह दिला. त्याच साली आई गेली, पाठोपाठ बापही गेला. मागं राहिला तीन वर्षांचा भाऊ. त्याचं नाव दसरू. ही गोष्ट या दसरूची आहे.

त्याला तानाबाईनं वाढवलं. दसरू तिला बाईच म्हणायचा, तिकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, पण होती ती आईच. तिनं दुसरा घरोबा केला नाही. मोह वेचून, वाळवून, डोक्यावरून बाजाराला नेऊन तिनं दसरूला दहावी केला. दसरू म्हणायचा, 'माहं शिक्षण झाडाला लागलं होतं, बाई रोज वेचून आनायची.' आणि त्या दहावीवर दसरूला उद्यानात नोकरी लागली. कसली? आग राखायची! उन्हाळ्याचे चार महिने अंगात खाकी, पायात बूट, पाठीवर पालापाचोळा उडवायचं मशीन. हंगाम संपला की खाकी खुंटीला. अशी पंधरा वर्षं! पंधरा वर्षं माणूस हंगामी!

आता इथं एक बारीक गोष्ट आहे, ती ध्यानात ठेवा. मोहाखाली पाला साचतो. पाल्यात फूल दिसत नाही. म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. हो, जाळतात! साहेब लोक म्हणतात, 'आग लावतात या बायका.' खरं आहे. पण कशी लावायच्या? आधी झाडाभोवती दोन हात रुंद गोल झाडून काढायचा, अगदी माती दिसेपर्यंत. मग वारा बघायचा. मग काडी. आणि मग — बसायचं! पळसाची ओली फांदी हातात, पाण्याचा गुंडा, म्हणजे कळशी हो, बाजूला, आणि बसायचं. आग विझली, तरी बसायचं. धूर गेला, तरी बसायचं. शेवटी राखेवर तळहात ठेवायचा. हाताला गार लागली, तरच उठायचं.

त्यांच्यात एक बोल आहे. आगीला ते इस्तो म्हणतात. 'इस्तो एकटा सोडू नये. एकटा राह्यला का तो जेवाले उठते.'

मग नियम आला. आत जायचं नाही. पाऊल टाकलं तर गुन्हा. मोह तर वेचायचाच होता, पोट काही नियमानं भरत नाही! मग बाया काय करायला लागल्या? चोरून जायच्या, काडी टाकायच्या आणि पळायच्या! कारण जी बसेल ती सापडेल. धूर दिसला की शिपाई येणार. शेकडो वर्षांची बसायची रीत चार सालांत मोडली. आणि आगी वाढल्या! साहेबानं पाहिलं, आगी वाढल्या, म्हणून नियम आणखी कडक केला. बायांनी पाहिलं, नियम कडक झाला, म्हणून त्या आणखी जोरात पळाल्या! हसू नका. आपल्या घरात सासू-सुनेचं याहून वेगळं काय चालतं?

एकटी तानाबाई मात्र पळेना. ती वर्षातून एकदा जायची आणि बसायची. पन्नाशीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले, पळणार तरी कशी! पण गुडघ्यांचं निमित्त. तिला पळायची लाज वाटायची.

एकदा टोल्यात सभा झाली. रेंजर सोनटक्के साहेब आले. माणूस वाईट नव्हता बरं का! आगीत होरपळलेलं हरणाचं पाडस स्वतःच्या गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलेला माणूस. सभेत ते पोटतिडकीनं बोलले. आणि बाया बसल्या होत्या तिकडून तानाबाई उठली.

'साहेब,' ती म्हणाली, 'आमाले दहा दिवस द्या. तुमचा मानूस संगं द्या, पाह्यजे तं बंदूकवाला द्या. आमी झाडून, बसून, राख गार करून येतो. आमी बसलो तं जंगल नाई जळनार. पळालो तं जळनार.'

अहो, केवढी मोठी गोष्ट बोलली ती! पुस्तकं लिहितात लोक यावर. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा. पण बाजूला खाकी घालून कोण उभा होता? दसरू! त्याची कानशिलं तापली. साहेबापुढं आपली बहीण जंगलात जायची गोष्ट करते! तो दबक्या आवाजात म्हणाला, 'बाई, खाली बस. तुले काय समजते?'

आणि ती बसली. ज्या भावाला तिनं दहावी केला, त्या भावानं तिला सांगितलं, तुला काय समजतं! शिक्षणाचा पहिला उपयोग आपण बहुतेक इथंच करतो, मंडळी.

सभा झाल्यावर साहेबानं दसरूला बाजूला घेतलं. 'दसरू, तुझं नाव कायमच्या यादीत घालतोय. यंदाचा हंगाम तुझ्या हद्दीत एक आग लागू देऊ नकोस. एक! वरून उपग्रह बघतो, आग दिसली की माझ्या मोबाइलवर निरोप येतो. मग माझ्या हातात काही राहत नाही.'

घ्या! आता देवाच्याही वर एक बसलाय बघायला! पण तुम्ही दसरूच्या जागी उभे राहा क्षणभर. पंधरा वर्षं हंगामी. दोन पोरी उजवायच्या. एक हंगाम सांभाळला की आयुष्यभराची खाकी. त्याचं चुकलं कुठं? अजून तरी कुठं चुकलं नाही.

चैत्र लागला. असाच, आजच्यासारखा, बाहेर मोहाचा वास सुटलेला. सकाळची आठाची वेळ. दसरू मशीन पाठीवर घेऊन नाल्याकडून चालला होता, आणि त्याला धुराची एक रेघ दिसली. पायांना आधीच कळलं कुठं जायचं ते. लहानपणापासून हजारदा गेलेली वाट! गेला, तर मोठ्या मोहाखाली गोल झाडलेला, आतला पाला जळून काळाभोर झालेला, आणि कडेला तानाबाई बसलेली. हातात फांदी. शेजारी गुंडा.

'बाई! काऊन आली वो तू?'

'झाडाखाली आली. तुह्या घरात थोडीच आली!' म्हणाली आणि हसली. 'बैस. भाकर आनली हाये.'

तेवढ्यात दसरूच्या कमरेचा वायरलेस खरखरला. साहेबांचा आवाज! 'दसरू, नाल्याकडच्या रस्त्यानं पाहुण्यांच्या गाड्या येतायत. वीस मिनिटांत. रस्ता बघून ठेव. धूर-बिर नाही ना कुठं?'

दसरूनं बटण दाबलं. 'नाई साहेब. सगळं ठीक हाये.'

हे पहिलं खोटं. लहानसंच! पण खोटं एकटं राहिलं, की तेही जेवायला उठतं.

'बाई, उठ! आत्ताच्या आत्ता उठ!'

'अर्धा घंटा थांब गा. इस्तो जिता हाये.'

'साहेब पाह्यतीन तं माही नोकरी जाईन! उठ म्हनतो ना!'

'अन् राख?'

'मी इझवतो ना! तू जाय! पंधरा साल झाले, मी आगच इझवून राह्यलो!'

तानाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. म्हणाली, 'हात ठेवून पाह्यशीन ना, दसरू?'

'पाह्यतो.'

'मायची आन?'

'मायची आन, बाई. जाय आता!'

आणि ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा राख गार व्हायच्या आधी उठली. कोणाच्या भरवशावर? भावाच्या!

दसरूनं काय केलं? गुंडा ओतला. आणि घाईनं मशीन सुरू केलं, धूर पांगावा म्हणून. घूंऽऽ! काळी राख उडाली. अरे, पण मशीनला काय कळतं? पाला उडतो तसा निखाराही उडतो! तानाबाईनं झाडलेल्या गोलाच्या पलीकडं एक जुनं, पोकळ लाकूड पडलं होतं. हरभऱ्याएवढा निखारा त्याच्या पोटात जाऊन बसला. तो दसरूला दिसला नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला. दसरूनं मशीन बंद केलं, आणि जाता जाता राखेवर पाय दाबून बघितला.

पाय! बूट घातलेला पाय, मंडळी!

बुटाला गार लागलं. सरकारी बूट, तळ जाड, त्याला काय निखारा कळतो? दसरू पंधरा वर्षं आग राखत होता, पण हात लावून बघायचं त्याचं केव्हाच सुटलं होतं. खाकीनं त्याला सगळं दिलं — पगार, मान, शिट्टी. फक्त तळहात तेवढा काढून घेतला.

दुपारी वारा फिरला. अंगणात तानाबाईला तो मानेला लागला. तिला चैन पडेना. गेटाशी आली. तिथं पाहुणे जेवत होते, सोनटक्के साहेब बाजूला उभे, आणि दसरू ताठ उभा राहून पाण्याच्या बाटल्या देत होता. ती थेट त्याच्यापुढं गेली.

'दसरू, राखेवर हात ठेवला होता ना?'

साहेबांनी मान वळवली. 'काय म्हणते रे ही?'

एक क्षण, मंडळी! माणसाचा जन्म पालटायला एक क्षण पुरतो. 'हो' म्हणावं, तर बाई आत गेली होती हे कबूल. सकाळचं खोटं उघडं. यादीतलं नाव गेलं. आणि 'ठेवला नाही' म्हणावं, तर —

दसरू म्हणाला, 'कोनती राख, बाई? तू कुठं गेलीच नाई. घरी जाय.'

तानाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. खाली, त्याच्या बुटाकडं पाहिलं. पुढच्या टोकाला पांढरी राख लागली होती, आणि बाटली धरलेला तळहात मात्र स्वच्छ होता. तिला कळलं. ती तशीच वळली आणि निघाली. दसरूनं मनाला सांगितलं, बाई घरी गेली. मनाचं काय! सांगितलं की ऐकतं.

ती घरी नाही गेली. ती आपल्या आगीकडं गेली.

पुढं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. ते राखेनंच सांगितलं, तेवढं मी सांगतो. पोकळ लाकूड पेटलं होतं. वारा टोल्याच्या दिशेनं वाहत होता. मधे वाळलेलं गवत, आणि त्या गवतात एक वाघीण तीन पिल्लं घेऊन बसलेली. गवताच्या पलीकडं चिचटोला. तानाबाईला आपला जीव वाचवायचा असता, तर सोपं होतं! मोहाखालचा जळलेला गोल समोर होता. जळलेली जागा परत जळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यात जाऊन बसायचं, तोंडाला ओला पदर धरायचा. ती नाही बसली. एकीकडं खडकाचा नाला, दुसरीकडं गाडीरस्ता. मधे साठ पावलांची जागा, जिथून आग गवतात शिरणार. पळसाची फांदी मोडून तिनं ती साठ पावलं झाडली. माती दिसेपर्यंत! दोन हात रुंद! एकटीनं!

संध्याकाळी चाळीस माणसांनी मिळून आग विझवली. नाल्याकडचा सगळा उतार जळाला, पण त्या साठ पावलांच्या रेघेशी आग थांबली होती. पलीकडचं गवताचं एक पातं काळं झालं नव्हतं. आणि रेघेच्या शेवटाला, रस्त्यापासून दोन पावलांवर, तानाबाई सापडली. भाजली नव्हती. धुरानं गेली. पालथी पडलेली, आणि उजवा तळहात राखेवर टेकलेला.

तिला सगळ्यांच्या आधी दसरूनं पाहिलं.

मृदंग नको, बाबा. राहू दे.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. आगीचं कारण? मोहासाठी बेकायदा शिरलेल्या बाईनं लावलेली आग. नाव — तानाबाई. साक्षीदार म्हणून सही कोणाची? त्या हद्दीचा शिपाई, दसरू. साहेबांनी विचारलं, 'दसरू, तुला काही सांगायचंय?' खरंच विचारलं हो! माणूस चांगला होता. दसरूनं मान हलवली. नाही. आणि सही केली. जिनं मोह विकून अक्षर शिकवलं, तिच्याच नावाखाली, त्याच अक्षरात!

नोकरीचं काय झालं, विचारा ना! आग तर लागली होती. पण गुन्हेगार सापडला होता ना, मेलेला का असेना. आणि सख्ख्या बहिणीविरुद्ध सही करणारा शिपाई! असा कर्तव्यदक्ष माणूस कुठं मिळतो? पावसाळ्यात हुकूम आला. दसरू कायम झाला. नवे बूट मिळाले.

टोल्यात कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माणूस हलका होतो! तेरावं झालं त्या दिवशी म्हाताऱ्या सखूबाईनं तानाबाईचा गुंडा आणून त्याच्या ओट्यावर ठेवला. म्हणाली, 'तिले लेकरू नव्हतं. झाड आता तुहं. रीत तुले मालूम हाये.' एवढंच. आणि गेली.

आली का पंचाईत? रीत म्हणते, झाड तुझं, आग लाव आणि बस. नोकरी म्हणते, जो लावेल त्याला धर. आता दसरूनं कोणाला धरायचं?

वर्ष गेलं. तो जेवायचा, गस्त घालायचा, पोरींशी बोलायचा. बायको सांगते, झोपेत उजवा हात जमिनीवर चाचपायचा.

पुन्हा चैत्र. सकाळची आठाचीच वेळ. मोठा मोह जळाला नव्हता — तिचा गोल होता ना भोवती! उलट फुलांनी लहडला होता. दसरू तिथं आला. खाकी घातलेली, कमरेला वायरलेस, काखेत तो गुंडा. त्यानं बूट काढले. गोल झाडला. वारा बघितला. काडी ओढली. आणि बसला.

वायरलेस खरखरला. 'नाल्याकडं धूर दिसतोय! दसरू, बघ कोण आहे!'

दसरूनं बटण दाबलं. आणि मंडळी, वायरलेसचं एक असतं. एकानं बटण दाबलं, की सगळ्या चौक्यांवर ऐकू जातं. सगळ्या गेटांवर, गाड्यांतसुद्धा.

'साहेब, धूर माहा हाये. आग मी लावली. राख गार होईस्तोवर बसतो. अन् मांगच्या सालचं एक सांगाचं राह्यलं. ते आग बाईची नव्हती. बाई बसली होती. मीच तिले उठवलं. मायची आन घेतली होती हात ठेवीन म्हनून, अन् बूट ठेवला. गेटावर मी खोटं बोललो. कागदावर मी खोटी सही केली. माही बाई आगलावी नव्हती, साहेब.'

 सगळ्या चौक्यांवर माणसं उभी राहून ऐकत होती.

तासाभरानं सोनटक्के साहेब आले. एकटे, चालत. दसरू बसलेलाच होता. साहेब म्हणाले, 'अरे, वायरलेसवर कशाला बोललास? मला एकट्याला सांगितलं असतंस तर मी मिटवलं असतं.'

दसरू म्हणाला, 'म्हनूनच साहेब.'

मग त्यानं राखेवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. गार लागली तेव्हा उठला, आणि दोन्ही हात पुढं केले.

नोकरी गेली. खटला चालू आहे. तुम्ही वाट बघताय की मी म्हणेन, तानाबाईचं नाव कागदावरून खोडलं गेलं. नाही खोडलं! एकदा लिहिलं ते लिहिलं. आजही त्या कागदावर आग तिच्याच नावावर आहे. यंदा साहेबांनी चिचटोल्याच्या नऊ बायांना दहा दिवस आत बसायला परवानगी दिली म्हणतात. तोंडी! लेखी वर पाठवलंय. वर म्हणजे कुठं, ते देवाला ठाऊक. आणि ती वाघीण? तिचे फोटो तुमच्यातल्या अर्ध्यांच्या मोबाइलमध्ये असतील. तिची पिल्लं आता मोठी झाली, गेटावरची गर्दी त्यांच्याच दर्शनाला. त्यांच्यापुढं साठ पावलं कोणी झाडली होती, ते फोटोत येत नाही.

हं! खांबापाशी बसलेले, उठा आता! आग कोणाची? काडी ओढणाऱ्याची? बोला! आता का मान खाली?

जंगल राखायचं म्हणता? राखा! राखलंच पाहिजे, नाहीतर नाल्याला पाणी कुठून येईल? पण ज्यांना राखता येतं, त्यांनाच उठवून कसं राखाल? हे मी पुढच्या रांगेतल्या साहेबांना म्हणतोय. आणि मागं बसलेल्या बायांनो, हसू नका! चोरून काडी टाकून पळणाऱ्या तुमच्यात किती? पोट तुमचं खरं, मी नाही म्हणत नाही, पण पळालात तेव्हा आग कोणाच्या भरवशावर सोडलीत? आणि मी? मी कीर्तनकार! गावोगाव जातो, तुमच्या मनात आग लावतो, बिदागी घेतो, आणि पुढच्या गावाला! कधी माघारी फिरून बघितलं? मला मारुतीचं नाव घ्यायचा अधिकार काय?

बघा, तांबडं फुटलं. पाळणा हलवायची वेळ झाली. पण मंडळी, एवढं करा. उजवा हात पुढं घ्या. पालथा करा. हां, पोरांनो, तुम्हीसुद्धा. साहेब, तुम्हीही. आणि समोरच्या जमिनीवर टेकवा. घरात, गावात, भावकीत, ज्या आगीतून उठून आलात ती आठवा, आणि खरं सांगा — गार लागतंय का?

लागत असेल, तर उठा, फुलं उधळायला या.

नसेल लागत, तर बसा. मीही बसतो.